तुरीची मर : पुसा ते बदनापूर

जोमाने वाढलेली तूर फुलोऱ्यात किंवा शेंगा भरण्याच्या ऐन काळात, जमिनीत ओल असतानाही ठिकठिकाणी वाळू लागते, कधी झाडाची एकच बाजू सुकते आणि दुसरी हिरवी राहते. या रोगाला शेतकरी ‘मर’ म्हणतो. बुंध्यापासून वर चढणारा जांभळट पट्टा ही त्याची बाहेरची खूण होय. मात्र खोड उभे चिरल्यावर जलवाहिन्यांत, म्हणजे मुळांनी शोषलेले पाणी वर नेणाऱ्या नलिकांत, दिसणाऱ्या काळपट रेषा अधिक खात्रीच्या मानल्या जातात. रोगकारक बुरशी मुळांतून शिरून या नलिकांतच वाढत असल्याने पानांवर औषध फवारून उपयोग होत नाही, आणि पिकाच्या धसकटांवर ती सुमारे तीन वर्षे तग धरत असल्याने एका हंगामाची विश्रांतीही पुरी पडत नाही.

या बुरशीची ओळख पटली ती एका चुकीच्या संशयिताला बाजूला सारून. अमेरिकेत अर्विन स्मिथ यांनी 1899 मध्ये कापूस, कलिंगड आणि चवळी यांच्या मर रोगाचे कारण म्हणून निओकॉस्मोस्पोरा या बुरशीकडे बोट दाखवले होते, आणि मरलेल्या तुरीच्या मुळांवरही तीच सापडत असल्याने हा निष्कर्ष भारताला लागू करणे सोपे होते. बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेचे बुरशीतज्ज्ञ एडविन जॉन बटलर यांनी मात्र ती बुरशी मेलेल्या मुळांवर नंतर वाढणारी मृतोपजीवी असल्याचे दाखवले आणि 1910 मध्ये खऱ्या रोगकारकाला ‘फ्युजेरियम उडम’ हे नाव दिले. रोगट शेतात तग धरलेल्या झाडांचे बी निवडावे, ही दिशाही त्यांनी त्याच सुमारास सुचवली होती.

ही दिशा बरोबर होती, तरी वाट लांबली. पुसा येथेच मॅक्रे आणि शॉ यांनी 1933 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात शेणखत आणि सुपरफॉस्फेट यांनी मर वाढते व हिरवळीच्या खताने ती घटते असे नोंदवले, आणि काही प्रतिकारक वाणही वेगळे काढले. परंतु शेतातला रोग दरवर्षी आणि जागोजागी कमीअधिक होत असल्याने वाचलेले झाड खरोखर प्रतिकारक होते की केवळ सुदैवी, हे सांगणे अवघड होते. ही अडचण रोगट भूखंडाने सोडवली. रोगग्रस्त धसकटे मातीत मिसळून आणि रोगाला बळी पडणारा वाण अधूनमधून पेरून जमीन मुद्दाम बुरशीने भारायची व तिथे प्रत्येक वाणाची कसोटी घ्यायची, ही पद्धत 1972 मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेत वाय. एल. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काटेकोरपणे वापरली. त्यांच्याच 1975 ते 1980 या काळातील पाहणीत महाराष्ट्रातील मरीचे सरासरी प्रमाण सुमारे 22 ते 23 टक्के, म्हणजे पाहिलेल्या राज्यांत सर्वाधिक, आढळले.

महाराष्ट्रातूनच गोळा केलेल्या एका स्थानिक तुरीतून निवडलेला आयसीपी 8863 हा मर-प्रतिकारक वाण 1986 मध्ये कर्नाटकात ‘मारुती’ नावाने प्रसारित झाला आणि उत्तर कर्नाटकासह लगतच्या महाराष्ट्रातही पसरला, हा योगायोग नसावा. जिथे रोग जुना व तीव्र असतो तिथल्या बियाण्याची चाळणीही शेतातच आधी झालेली असते. ज्वारीत तूर घेण्याच्या परंपरेकडेही त्याच नजरेने पाहावे लागते. प्रयोगांत अशा मिश्र पिकात मर कमी आढळली, आणि ज्वारीच्या मुळांतून स्रवणाऱ्या सायनाइडयुक्त द्रव्यांचा बुरशीवर परिणाम होत असावा असा तर्क त्यासाठी मांडला गेला. शेतकऱ्याने मात्र ही जोडी बहुधा पावसाची जोखीम वाटून घेण्यासाठी राखली असावी.

पुढे जालना जिल्ह्यातील बदनापूर येथील संशोधन केंद्राने मर आणि झाडाला शेंगाच धरू न देणारा वांझ या दोन्ही रोगांना तोंड देणारा बीएसएमआर 736 हा वाण 1990 च्या दशकात दिला, तर मर-प्रतिकारक बीडीएन 711 त्यानंतरच्या काळात आला. बुरशीचे प्रकार मात्र प्रदेशागणिक बदलतात आणि एका भागात टिकलेला वाण दुसऱ्या भागात बळी पडू शकतो, म्हणून नवा वाण एकाच केंद्रातील भूखंडावर पारखून न थांबता अनेक ठिकाणच्या रोगट जमिनींत पेरून पाहावा लागतो.