शेवंतीची परदेशी बहीण

दिवाळीच्या तोरणात झेंडूच्या शेजारी शेवंती हटकून असते. देवाला, वेणीला, दारच्या माळेला तिच्यावाचून आपले भागत नाही. पण या शेवंतीची एक परदेशी बहीण आहे आणि तिचा व्यवसाय अगदी निराळा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळा गोंडा, राखी झाक असलेली पाने. वाटेत दिसली तर कोणी तिच्याकडे वळूनही पाहणार नाही. तिच्या पोटात मात्र किड्यांचे मरण आहे. तिचे नाव पायरेथ्रम. जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला शेवंतीच्याच घरात ठेवले होते. अलीकडच्यांनी तिचे बिऱ्हाड वेगळे काढले.

तिची कुळकथा इराण आणि कॉकेशस पर्वताच्या मुलखात सुरू होते. तिकडे या जातीची गुलाबी फुले वाळवून कुटीत आणि ती पूड पिसवांवर व ढेकणांवर टाकीत. एकोणिसाव्या शतकात ही ‘इराणी पूड’ युरोपच्या बाजारात आली. पुढे एड्रियाटिक समुद्राकाठच्या डाल्मेशियात, म्हणजे आजच्या क्रोएशियात, पांढऱ्या फुलांची अधिक जहाल जात हाती लागली. १८८६ च्या सुमारास तिचे बी जपानात पोचले. एइइचिरो उएयामा या गृहस्थांनी त्या पुडीच्या उदबत्त्या केल्या. पण त्या भराभर जळून जात. उदबत्तीला सापासारखे वेटोळे द्यावे, ही युक्ती त्यांची पत्नी युकी हिची. डासांसाठी आपण लावतो त्या अगरबत्तीचे वेटोळे असे एका गृहिणीच्या डोक्यातून निघाले!

आता शेताकडे वळू. शेतकऱ्याची खरी परीक्षा सुगीच्या तोंडावर असते. रोप लहान असताना कीड आली तर उपाय करायला अवधी असतो. पण फळ पिकत आले, तोडणी आठ दिवसांवर आली आणि मावा किंवा अळी पडली, तर करायचे काय? न फवारावे तर पीक जाते. फवारावे तर ते औषध खाणाऱ्याच्या ताटात जाते. अमेरिकेत १८९२ पासून शिशाचे आर्सेनेट वापरात आले आणि सफरचंदांवर त्याचा मारा होऊ लागला. ते काही केल्या जात नसे. १९२५ साली लंडनमध्ये अमेरिकन सफरचंदांवर सोमलाचा अंश सापडला आणि दोन देशांत चांगलीच कुरबूर झाली.

अशा वेळी पायरेथ्रमचा एक गुण फार मोलाचा ठरला. त्याचा अर्क फवारला की किडा तेथल्या तेथे लुळा पडतो. आणि उन्हात तो अर्क लवकरच निकामी होतो. आज मारावे आणि उद्या नाहीसे व्हावे, असे औषध तोडणीच्या आदल्या आठवड्यात दुसरे कुठले मिळणार? सूर्यनारायणच जणू पीक धुऊन देतो.

पण जो गुण तोच दोष. औषध टिकत नाही, म्हणून कीड परत येते. परत फवारायचे तर फुले महाग. मग माणसाने त्याला टिकाऊ करण्याचा ध्यास घेतला. १९४० साली असे आढळले की तिळाचे तेल मिसळले असता पायरेथ्रमचा जोर वाढतो. हो, आपल्या अभ्यंगस्नानाचे तिळाचे तेलच! त्यावरून पुढे कारखान्यात तसेच काम करणारी रसायने निघाली. १९४९ साली फुलातल्या विषाची पहिली कृत्रिम प्रतिकृती आली. १९७३ साली इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड येथे मायकेल एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हालाही दाद न देणारे परमेथ्रिन जाहीर केले. याच घराण्यातले सायपरमेथ्रिन आपल्या कापूसवाल्यांच्या चांगले परिचयाचे आहे. विजय मोठा होता. पण जे उन्हात विरत नाही ते पिकावर राहते. फवारणी आणि तोडणी यांमधले दिवस पुन्हा बोटांवर मोजणे आले.

या कथेचा ताजा अध्याय अमेरिकेतल्या गांजाच्या शेतीत घडला. कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ पासून गांजाची उघड विक्री सुरू झाली. परंतु केंद्राच्या कायद्याने ते पीक निषिद्धच होते. त्यामुळे त्यावर कोणते औषध मारावे, हे सांगणारी एकही सरकारी मंजुरी नव्हती. पिकाचा मोल तर फुलाला. ते फूल तयार होता होताच त्यावर कोळी, मावा आणि भुरी येते. २०१५ साली डेन्व्हर शहराच्या आरोग्य खात्याने औषधे मारलेली हजारो झाडे अडकवून ठेवली. तेव्हा ‘नैसर्गिक’ फवाऱ्यांना साहजिकच भाव आला. पुढच्याच वर्षी ऑरेगॉन राज्यात अशा एका फवाऱ्याची तपासणी झाली. चिठ्ठीवर दालचिनीचे तेल आणि सायट्रिक आम्ल; आत मात्र न सांगितलेले अबामेक्टिन नावाचे जहाल कीटकनाशक निघाले!

पण बाटली प्रामाणिक असली, आत निव्वळ फुलाचा अर्क असला, तरी प्रश्न उरतोच. हे पीक पुष्कळदा बंद खोलीत दिव्यांच्या उजेडात वाढते. तेथे धुऊन द्यायला सूर्य नाही. त्याचे फूल चिकट असते, फवारलेले धरून ठेवते. ते कोणी सफरचंदासारखे धूत नाही. ते वाळवतात, जाळतात आणि धूर छातीत घेतात. पोटात गेलेला पायरेथ्रमचा अंश शरीर बहुधा लवकर मोडून टाकते. श्वासावाटे गेलेल्याची गोष्ट वेगळी, दमेकऱ्याला तो बाधू शकतो. ज्या उन्हाच्या भरवशावर हे औषध निर्धोक ठरले होते, ते ऊनच काढून घेतले तर नुसत्या ‘नैसर्गिक’ या नावाने काय होणार?

गांजा पिकवणे आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गुन्हा आहे. ती चिंता आपली नव्हे. पण मेथीची जुडी आणि द्राक्षांचा घड रोज आपल्या घरात येतो. म्हणून औषध झाडातून निघाले की कारखान्यातून, एवढ्यावर थांबू नये. ते कोणत्या दिवशी मारले, मग त्याला ऊन किती मिळाले आणि ते आपल्या पोटात जाणार की छातीत, हेही विचारावे. चांगला बागाईतदार फवारणीचा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवतो आणि तेवढे दिवस भरेपर्यंत पिकाला कात्री लावीत नाही, मग व्यापारी दारात येऊन बसला तरी!