नववा डार्ट

शनिवार, १३ ऑक्टोबर १९८४. गाव स्लाऊ, लंडनच्या पश्चिमेला. सकाळच्या पेपरांत ब्रायटनच्या हॉटेलातला बॉम्बस्फोट. पंतप्रधान थॅचरबाई काल पहाटे थोडक्यात वाचल्या. खाणकामगारांचा संप मार्चपासून चालूच आहे. तुम्ही मात्र फुल्क्रम सेंटरमध्ये डार्टच्या सामन्याला खुर्ची पटकावून बसला आहात. धुरानं डोळे चुरचुरताहेत, शेजाऱ्याची बिअर तुमच्या बाहीवर सांडली आहे. तक्रार करू नका. इथं सगळ्यांच्याच बाह्या ओल्या असतात.

मंचावर जॉन लो. वय ३९, डर्बीशरच्या खाणपट्ट्यातला, मूळचा सुतार. पबमध्ये कुणाच्या तरी बदली खेळायला उभा राहिला ते १९६६ साल; १९७९ मध्ये जगज्जेता झाला. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही म्हणून लोक त्याला ‘ओल्ड स्टोनफेस’ म्हणतात. आजच्या स्पर्धेची प्रायोजक एमएफआय, म्हणजे सुट्या फळ्या विकून ‘घरी नेऊन जोडा’ म्हणणारी फर्निचरची कंपनी. सुताराला बक्षीस द्यायला हीच बरी सापडली!

समोर कीथ डेलर, २४ वर्षांचा. गेल्या वर्षी पात्रता फेरीतून आलेल्या या पोरानं लो, जॉकी विल्सन आणि एरिक ब्रिस्टो अशा तिघांना ओळीनं लोळवून जागतिक अजिंक्यपद नेलं होतं. लोच्या डोक्यात ते आहे का? चेहऱ्यावरून काही कळायचं नाही.

आता बोर्डाकडे बघा. आपल्या बांधावरच्या घायपाताच्याच जातीचा वाख दाबून तो बनवलेला असतो. फेकायची रेघ २.३७ मीटरवर. ५०१ गुणांपासून उतरत शून्यावर यायचं, आणि शेवटचा डार्ट डबलच्या, म्हणजे दुप्पट गुणांच्या, कड्यातच बसला पाहिजे. कमीत कमी डार्ट लागतात नऊ. टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर हे आजवर कुणालाही जमलेलं नाही.

पहिले तीन ट्रिपल वीसमध्ये, म्हणजे विसाच्या तिपटीत. ‘वन हंड्रेड अँड एटी!’ टाळ्या, अशा टाळ्या रोजच्याच. पुढचे तीनही तिथंच, आठ मिलिमीटर रुंदीच्या त्याच पट्टीत. आता आवाज बदलतो. शेजाऱ्यानं ग्लास खाली ठेवलाय.

उरले १४१. पुस्तकी वाट म्हणजे ट्रिपल वीस, ट्रिपल एकोणीस, डबल बारा. सहा डार्ट जिथं बसले तिथंच सातवा मारायचा, आणखी काय? लो नजर खाली नेतो. ट्रिपल सतरा. बसला. मग वर उजवीकडे, ट्रिपल अठरा. बसला. राहिले छत्तीस, म्हणजे डबल अठरा. त्याच अठराच्या फाकेत, चार बोटं बाहेर. नवव्या डार्टसाठी फाक बदलावी लागत नाही, हात फक्त कडेपर्यंत न्यायचा. माझं विचाराल तर खेळ इथं आहे. एकशे ऐंशी काय, पुष्कळांना पडतात.

तो घाई करत नाही आणि रेंगाळतही नाही. मनगट सुटतं.

बसला!

तुम्ही उभे आहात. कधी उठलात, ठाऊक नाही. पायाशी बिअर. या एका लेगचं, म्हणजे ५०१ च्या एका डावाचं, इनाम १,०२,००० पौंड. सहा वर्षांनी जागतिक स्पर्धेत हाच पराक्रम करणाऱ्या पॉल लिमला ५२,००० मिळतील, आणि ती अख्खी स्पर्धा जिंकणाऱ्या फिल टेलरला २४,०००. नऊ डार्टचा भाव तेव्हाही अजिंक्यपदाच्या दुपटीहून जास्तच. लोही १९८७ आणि १९९३ मध्ये पुन्हा जगज्जेता होईल. पण लोक विचारतील ते स्लाऊचंच.

निघताना बोर्डाजवळून जा आणि ती नऊ भोकं शोधा. सापडणार नाहीत. डार्ट उपसला की वाख मिटतो.