बंदिस्त जागेतील तडे : ताण-संक्षारणाचा इतिहास आणि सागरी लवचिक नलिका

प्रस्तावना :
धातूचा ऱ्हास म्हटला की पृष्ठभागावर चढणारा गंज डोळ्यांसमोर येतो. ताण-संक्षारण हा त्याहून फसवा प्रकार होय. यात धातू वरून बहुतांशी शाबूत दिसतो; आत मात्र बारीक तडे वाढत जातात आणि एके दिवशी तो अचानक तुटतो. त्यासाठी प्रवण धातू, ओढीचा ताण आणि विशिष्ट रासायनिक परिसर या तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. खोल समुद्रातील लवचिक नलिकांच्या संदर्भात या ज्ञानाची वाटचाल तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका :
या इतिहासाचा आरंभ भारतीय पावसाळ्याशी जोडला जातो. ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठविली जात व त्यांना तडे जात. म्हणून या दोषाला ‘ऋतुजन्य तडे’ असे नाव पडले. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये या दोषाची उकल मांडली : घडणीच्या वेळी पितळात उरलेला ताण आणि हवेतील अमोनिया यांचा तो संयुक्त परिणाम होता. म्हणजे दोष ऋतूचा नसून कोंडलेल्या हवेचा होता.

पुढे पोलादी वायुवाहिन्यांतही हाच प्रकार दिसला. ४ मार्च १९६५ रोजी अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नॅकिटोश येथे वायुवाहिनी फुटून १७ जणांचा मृत्यू झाला. १९८५ पासून कॅनडातील वाहिन्यांत याच दोषाचे निराळे रूप आढळले. तेथे सुटलेल्या आवरणाखाली भूजल साचले होते व त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला होता. ज्या आवरणाने संरक्षण करावयाचे, त्याच्याच आड तडे वाढले.

लवचिक नलिकेचा उदय :
दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये इंग्लिश खाडीखालून इंधन नेण्यासाठी समुद्री तारायंत्राच्या केबलच्या धर्तीवर नलिका टाकण्यात आली. लवचिक नलिकेचे हे एक पूर्वरूप मानले जाते. आधुनिक नलिका फ्रेंच पेट्रोलियम संस्थेच्या संशोधनातून विकसित झाली आणि तिच्या उत्पादनासाठी १९७१ मध्ये कोफ्लेक्सिप ही कंपनी स्थापन झाली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलच्या कॅम्पोस खोऱ्यात तिचा वापर सुरू झाला. लाटांबरोबर हलणाऱ्या तरंगत्या उत्पादन-केंद्रांना ती विशेष सोयीची ठरली.

या नलिकेत प्लास्टिकचे थर व पोलादी थर आलटून पालटून असतात. आतील प्लास्टिक नळीतून तेल वा वायू वाहतो. बाहेरील प्लास्टिक आवरण समुद्राचे पाणी रोखते. दोहोंमधील वलयाकार पोकळीत उच्च बलाच्या पोलादी तारा सर्पिल गुंडाळलेल्या असतात व नलिकेचा भार त्याच पेलतात. तथापि प्लास्टिक पूर्णतः अभेद्य नसते. आतून कार्बन डायऑक्साइड व बाष्प झिरपते. बाह्य आवरण फाटल्यास समुद्राचे पाणीही शिरते.

या धोक्याची जाणीव अभियंत्यांना नव्हती असे नाही. हायड्रोजन सल्फाइडमुळे जाणारे तडे आणि संक्षारणयुक्त श्रांती यांचा विचार संकल्पनात केला जात होता. शिवाय पोकळीत पाणी अत्यल्प व पोलादाचा पृष्ठभाग मोठा असल्याने पाणी लवकरच लोहाच्या क्षारांनी संपृक्त होते आणि गंजण्याचा वेग मंदावतो, असे प्रयोगांत दिसले होते. हे निरीक्षण खोटे नव्हते. मात्र ते धातूच्या झिजेविषयी होते, तड्यांविषयी नव्हते.

ब्राझीलमधील अनुभव :
२००६ मध्ये सांतोस खोऱ्यात मिठाच्या जाड थराखाली टुपी तेलक्षेत्राचा शोध लागला. तेथे पाण्याची खोली सुमारे २,१०० मीटर असल्याने नलिकेच्या वरच्या टोकावर तिच्या स्वतःच्या वजनाचा प्रचंड ताण येतो. या प्रदेशातील वायूत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाणही मोठे आहे. तो वातावरणात न सोडता उच्च दाबाने पुन्हा खडकात भरण्याचा निर्णय पर्यावरणदृष्ट्या उचित होता. परंतु त्यामुळे वायू भरणाऱ्या नलिकांत ताण, पाणी व कार्बन डायऑक्साइड एकत्र आले. सापिन्योआ क्षेत्रातील अशी एक नलिका अपेक्षित आयुष्याच्या बरीच आधी निकामी झाली. २०१७ मध्ये ब्राझीलच्या पेट्रोलियम नियामक संस्थेने या नव्या दोषाबाबत सुरक्षा-इशारा दिला. त्यानंतर पोकळीत पाणी शिरले आहे काय याची तपासणी, तारांवरील ताणाची मर्यादा व पोलादाची निवड यांचा फेरविचार झाला. नंतरच्या काही प्रकल्पांत ताठ पोलादी नलिकांना पसंती मिळाली.

निष्कर्ष :
तबेला, सुटलेले आवरण आणि नलिकेची पोकळी या तिन्ही ठिकाणी कारण एकाच स्वरूपाचे आहे. बंदिस्त जागा सुरक्षित असते या गृहीतकाची तपासणी प्रत्येक वेळी धातू तुटल्यावरच झाली. मानके ही ज्ञात दोषांची स्मृती असतात. अज्ञात दोषाविरुद्धची हमी नसतात. म्हणून परिसर बदलताच, मग तो बदल सद्हेतूने केलेला का असेना, जुना निर्वाळा नव्याने तपासला पाहिजे, हाच या इतिहासाचा बोध होय.