बंगाली नावाचे अमेरिकन मांजर

अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेले पाळीव मांजर आपण निदान चित्रात तरी पाहिलेले असते. ‘बेंगाल’ हे त्या जातीचे नाव. नावावरून ती बंगालची वाटते, पण ती तयार झाली अमेरिकेत. मग हे नाव आले कुठून? या जातीचा रानटी पूर्वज आहे बिबट्या मांजर. आकाराने घरच्या मांजराएवढाच, पण लांब पायांचा हा निशाचर प्राणी आपल्या पश्चिम घाटातही आढळतो. १७९२ मध्ये रॉबर्ट कर यांनी त्याचे शास्त्रीय नामकरण केले, त्यात ‘बेंगालेन्सिस’ हा शब्द होता. तोच पुढे संकरित जातीला चिकटला.

१९६० च्या दशकात अमेरिकेत बिबट्या मांजरे चक्क दुकानात विकत मिळत. जीन मिल या बाईंनी त्यातली एक मादी घेतली आणि सोबतीला एक काळा बोका ठेवला. त्या दोघांना पिल्लू झाले! पण हे काम तेव्हा फार पुढे गेले नाही. पुढे १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात डॉ. विलर्ड सेंटरवॉल यांनी असेच संकर केले, ते मात्र वेगळ्या हेतूने. मांजरांमध्ये विषाणूमुळे रक्ताचा कर्करोग होतो. बिबट्या मांजरात त्याला प्रतिकार करण्याची शक्ती असावी, असे संशोधकांना वाटत होते. या संकरित मांजरांपैकी काही १९८० मध्ये मिल यांच्याकडे आली आणि जात घडवण्याचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले.

येथे एक अडचण होती. दोन्ही प्राण्यांत गुणसूत्रांच्या १९ जोड्याच असतात. तरीही पहिल्या काही पिढ्यांतले संकरित बोके वंध्य निघत, माद्या मात्र प्रजननक्षम असत. असे का? संकरात एकच लिंग वंध्य असेल, तर ते बहुधा दोन वेगळी लिंग-गुणसूत्रे असलेले असते, असा नियम जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडला होता. सस्तन प्राण्यांत ते लिंग म्हणजे नर. हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले आणि भारताचे नागरिक झाले. त्यामुळे दर पिढीत संकरित मादी आणि पाळीव बोका अशीच जोडी लावावी लागे. रानटी वाटा निम्मा, पाव, दोन आणे असा घटत जाई.

पाळीव बोका निवडतानाही मिल यांची नजर भारताकडे वळली. १९८२ मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात, गेंड्याच्या आवारात, त्यांना ठिपकेदार, चकाकत्या केसांचा एक साधा बोका सापडला. तो अमेरिकेत गेला आणि या जातीचा एक आद्य पूर्वज ठरला. १९९१ मध्ये बेंगालला मांजरांच्या प्रदर्शनांत स्पर्धेसाठी पूर्ण मान्यता मिळाली.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने या कथेला कलाटणी दिली. आजच्या बेंगाल मांजरांत रानटी वाटा सरासरी तीन-चार टक्केच उरला आहे. ‘जंगली’ म्हणून मिरवले जाणारे रूपही मुख्यतः पाळीव मांजरांतल्याच जनुकांच्या निवडीतून आले आहे. केसांची ती चकाकीदेखील पाळीव मांजराचीच!

असे मांजर सांभाळणे मात्र सोपे नाही. ते चपळ असते. त्याला चढायला उंच जागा, रोजचा खेळ आणि माणसांची सोबत लागते. नुसते कोंडून ठेवले तर ते घरात नासधूस करते. काहींत आनुवंशिक अंधत्व आढळते. हा दोष अप्रभावी असल्याने निरोगी दिसणाऱ्या आईबापांकडूनही पिल्लात उतरतो. म्हणून पैदाशीपूर्वी जनुकीय चाचणी आवश्यक ठरते. पहिल्या पिढ्यांची मांजरे तर भित्री आणि माणसाळायला कठीण असतात.

भारतात बिबट्या मांजराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्याला पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. रानाजवळच्या गावात ठिपक्यांचे ‘अनाथ’ पिल्लू दिसले की मुले हौसेने घरी आणतात. आई बहुधा जवळपासच शिकारीला गेलेली असते. अशा वेळी पिल्लाला हात न लावता वनखात्याला कळवावे, एवढे आपण वर्गात सांगितले तरी पुष्कळ झाले. आणि फळ्यावर १/२, १/४, १/८ मांडून मुलांना विचारून बघू या: रानटी वाटा चार टक्क्यांखाली यायला किती पिढ्या लागतील?