केंट रिजवरच्या मूलपेशी
क्लेमेंटी रोडने केंट रिजच्या नॅशनल युनिव्हर्सिटी हॉस्पिटलकडे आपले जाणे-येणे असतेच. तिथेच १९९४ मध्ये डॉ. आरिफ बोंग्सो यांनी मानवी भ्रूणातून मूलपेशी (स्टेम सेल्स) वेगळ्या केल्या. बोंग्सो मूळचे श्रीलंकेचे, शिक्षणाने चक्क पशुवैद्य! त्या पेशी मात्र फार काळ टिकल्या नाहीत. १९९८ मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी त्या टिकवल्या आणि नाव त्यांचेच झाले. मला हे थोडे अन्यायाचे वाटते. २००२ मध्ये बोंग्सोंच्या गटाने उंदराच्या पेशींच्या आधाराशिवाय त्या वाढवून दाखवल्या.

आज मूलपेशींपासून प्रयोगशाळेत स्नायूपेशी तयार होतात. ड्युशेन या आजारात मुलांचे हातपायच नव्हे, तर श्वास ओढणारा फुप्फुसांखालचा स्नायूही हळूहळू दुबळा होतो. त्यावरचे औषध मुलांना देण्याआधी अशा पेशींवर तपासता येते.