पोकर स्पर्धांतील खेळाडूंचे प्रकार

अमेरिकेत लास वेगास येथे १९७० पासून भरणाऱ्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या मालिकेतील मुख्य स्पर्धेचे प्रवेशशुल्क १०,००० डॉलर आहे. तेथे प्रामुख्याने तीन प्रकारचे खेळाडू आढळतात. व्यावसायिक खेळाडू शक्यतेचे गणित मांडून संयमाने खेळतात. अनेकदा त्यांचे शुल्क इतर लोक भरतात व बक्षिसात वाटा घेतात. हौशी खेळाडू पदरमोड करून येतात. तिसरा वर्ग ऑनलाइन पात्रता स्पर्धांतून अल्प खर्चात प्रवेश मिळवणाऱ्यांचा. त्यांपैकीच टेनेसीचे लेखापाल ख्रिस मनीमेकर यांनी २००३ मध्ये ८३९ स्पर्धकांतून विजेतेपद आणि २५ लाख डॉलर पटकावले; त्यानंतर हौशींचा ओघ वाढला. बक्षिसांची रक्कम मात्र प्रवेशशुल्कातूनच उभी राहते. २०२४ मध्ये १०,११२ प्रवेशिकांपैकी केवळ १,५१७ बक्षीसपात्र ठरल्या. उर्वरितांचे शुल्क बुडाले.