सणाची चूल आणि घरची पंगत

सण म्हणजे देवपूजा, अशी व्याख्या ग्रंथांत सांपडेल. परंतु घरांतल्या लहान मुलाला विचारलें, तर तें सण ओळखतें पक्वान्नावरून. होळी पुरणपोळीची, संक्रांत गुळाच्या पोळीची, आणि भाद्रपदांतली चतुर्थी उकडीच्या मोदकांची. कोंकणांतल्या या चतुर्थीचा गेल्या पावणेदोनशें वर्षांचा इतिहास पाहिला, म्हणजे पोटासाठीं दुभंगलेलें कुटुंब वर्षांतून एकदां सांधण्याचें काम सणाच्या चुलीनें कसें केलें, तें ध्यानांत येतें.

कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत सूतगिरणीची कंपनी काढली, आणि १८५६ सालीं ती गिरणी सुरू झाली. पुढें गिरण्या वाढल्या, आणि त्यांतल्या कामकऱ्यांत त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यांतून आलेल्यांचा भरणा फार मोठा होता. डोंगरउतारावरची तुटपुंजी शेती घराला पुरत नसे. म्हणून पुरुष मुंबईस गेला, आणि बायकामुलें व म्हातारीं माणसें गांवीं राहिलीं. एका खोलींत अनेकांनीं राहावें आणि महिन्याच्या बोलीनें खानावळींत जेवावें, असा या चाकरमान्याचा क्रम असे. पंक्तीला गांवचींच माणसें असत, पोटहि भरे. पण वाढणारा हात घरचा नसे. म्हणून शिमगा किंवा गणपति जवळ आला, कीं तो रजा मागे, आणि न मिळाल्यास खाडा करूनहि गांव गांठी. आधीं किनाऱ्यानें जाणाऱ्या आगबोटी, मग एस. टी.च्या गाड्या, आणि १९९८ सालीं सर्व मार्गावर सुरू झालेली कोंकण रेल्वे, अशीं वाहनें बदललीं; ओढ बदलली नाहीं.

घरीं पोंचल्यावर त्याच्या कानांवर येई तो खोबरें खवण्याचा आवाज. मोदक हें एकट्या हाताचें काम नव्हे, आणि त्याचें कारण त्याच्या कृतींतच आहे. तांदूळ धुऊन सावलींत वाळवायचे, जात्यावर बारीक दळायचे, उकळत्या पाण्यांत मीठ व लोणी घालून तें पीठ वैरायचें, आणि झांकण ठेवून वाफ आणायची. ही उकड ऊन असतांनाच मळावी लागते; ती निवली, कीं पारीला भेगा पडतात. तेव्हां एकीनें मळावें, दुसरीनें पारी करावी, तिसरीनें गूळखोबऱ्याचें सारण भरावें आणि चौथीनें कळ्या पाडून तोंड मिटावें, तरच नैवेद्याचे एकवीस आणि घरच्यांसाठीं लागणारे सारे मोदक वेळेवर हळदीच्या पानावर उकडून निघतात. पुष्कळ कुटुंबांत भाऊ वेगळे झाले, तरी गणपति मूळ घरींच एक राहिला; त्यामुळें वर्षभर न बोलणाऱ्या जावाहि त्या दिवशीं एका चुलीपाशीं बसत. हातांत ऊन उकड असतां अबोला फार वेळ टिकत नाहीं.

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे. पंगत बसे ती पुरुषांची आणि मुलांची. ज्यांनीं पहाटेपासून चूल सांभाळली, त्या स्त्रिया शेवटीं उरलेलें वाढून घेत. घर एकत्र जेवलें असें म्हणतांना अर्धें घर स्वयंपाकघरांतच राही. गिरणगांवांत खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळांत संघटित केलें, आणि त्यांना बँकांचें कर्ज मिळूं लागलें. परक्याला रांधून घालणें हा कष्टाचा धंदा आहे, हें तेव्हां मान्य झालें. घरच्या रांधण्याची नोंद मात्र कोणत्याच वहींत झाली नाहीं.

१९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले. तरी चतुर्थीला कोंकणची वाट आजहि गर्दीनें भरते. पुष्कळ घरांत आतां पुरुषहि खवणी घेऊन बसतात, आणि स्त्रियांचीं पानें त्यांच्याबरोबरच मांडलीं जातात. या रीतीनें सणाचें पावित्र्य उणावलें नाहीं. कुटुंब जुळतें तें पानावर नव्हे, त्याआधीं चुलीपाशीं; आणि चुलीपाशीं बसलेल्यांना पानावर जागा मिळाली, म्हणजेच ती पंगत पुरी झाली.